आजेसासूबाईंचा गावठी गुलाब

फुलवाल्याच्या पुढ्यात गुलाबाचे दोन ढीग असतात. एकीकडे बादलीत उभे केलेले लांब दांड्याचे, घट्ट मिटलेल्या कळीचे ‘डच’ गुलाब. ते नगावर विकतात. दुसरीकडे ओल्या गोणपाटावर पसरलेली सुटी फुलं, पाव किलोच्या मापाची. दोन्हींतलं कुठलंही एक फूल उचला आणि नाकाशी न्या. बहुतेक वेळा वास येतो तो ओल्या गोणपाटाचाच!

मैत्रिणींनो, खरं सांगा, गुलाबाचा वास शेवटचा कधी घेतला होतात? अगरबत्तीचा नाही, सरबताच्या बाटलीतला नाही, फुलाचा. आपल्यापैकी ज्यांचं लहानपण वाड्यात, चाळीच्या अंगणात किंवा गावाकडच्या परसात गेलं, त्यांना तो आठवत असेल. शाळेत जाताना बाईंसाठी तोडून नेलेलं एक फूल दप्तरात ठेवलं, तर दुसऱ्या दिवशीही वह्यांना वास यायचा. तो गुलाब म्हणजे आपला गावठी गुलाब. कुणी त्याला देशी म्हणतं, कुणी गुलकंदाचा, कुणी नुसतंच ‘साधा गुलाब’. रंग लाल नाही, गडद गुलाबी. पाकळ्या भरपूर, पण पातळ आणि सैल. पहाटे उमलतो, दुपारी मान टाकतो आणि हातात घेतला की गळायला लागतो. फ्लॉवरपॉटच्या दृष्टीनं अगदी बिनकामाचा. बाजारातून तो हद्दपार झाला त्याचं कारणही हेच.

बाजाराला काय हवं? कळी तीन-चार दिवस टिकावी, दांडी लांब असावी, ट्रकच्या प्रवासात पाकळी काळी पडू नये. गुलाबाच्या नव्या जाती तयार करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या याच गुणांची निवड केली आणि वासाकडे कुणी पाहिलं नाही. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली यातली एक गाठ सोडवली. त्यांनी एक सुवासिक आणि एक जवळजवळ बिनवासाचा असे दोन गुलाब शेजारी ठेवून तपासले. सुवासिक गुलाबाच्या पाकळीत एक जनुक जोरात काम करत होतं आणि दुसऱ्यात तेच जवळपास झोपलेलं होतं. म्हणजे वास नुसता ‘कमी झाला’ असं नाही, तो तयार करणारा कारखानाच बंद पडला. आपल्या आज्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण ‘कलमी गुलाब दिसायला गं, देवाला आपला साधाच’ हे त्यांनी कधीच सांगून ठेवलं होतं.

या साध्या गुलाबाचं कूळ मात्र साधं नाही. आपल्या घरांत गावठी म्हणून जे गुलाब आढळतात त्यांत प्रामुख्यानं दोन जाती असतात. पहिला चैती गुलाब, म्हणजे दमास्क. हा वर्षातून एकदाच, फाल्गुन-चैत्रात बहरतो आणि मग वर्षभर नुसती पानं. अत्तराचा आणि गुलाबपाण्याचा गुलाब तो हाच. राजस्थानात पुष्करकडे त्याची शेतं आहेत. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की गुलाबपाणी करताना भांड्यात वर जमणारा तवंग नूरजहाँच्या आईनं, अस्मत बेगमनं, वेगळा काढला आणि त्यातून गुलाबाचं अत्तर मिळालं. (हा शोध स्वयंपाकघरासारख्या कामातून, एका बाईच्या हातून लागला, हे मला फार आवडतं. नाव मात्र अत्तराला जहांगीरचं दिलं!) एक किलो तेलासाठी साधारण साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात, यावरून त्याची किंमत लक्षात येईल. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेनं, ‘सीमॅप’नं, या गुलाबाच्या एका निवडक जातीला ‘नूरजहाँ’ हेच नाव दिलं आहे.

दुसरा बारमाही फुलणारा, ज्याला नर्सरीवाले ‘एडवर्ड’ म्हणतात. त्याची गोष्ट आणखी मजेची. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, पूर्वी त्याला बूर्बाँ म्हणत. तिथे शेताला गुलाबाचं कुंपण घालायची पद्धत होती. कुंपणात एक गुलाब दमास्कचा असायचा आणि एक चिनी, वर्षभर फुलणारा. १८१७च्या सुमारास अशाच एका कुंपणात दोघांपेक्षा वेगळं झुडूप दिसलं. वास दमास्कचा आणि फुलणं चिनी गुलाबासारखं. जमीनमालकाच्या नावावरून त्याला ‘रोज एदुआर’ म्हणायला लागले, त्याचंच आपल्याकडे एडवर्ड झालं. तमिळनाडूत त्याला पन्नीर गुलाब म्हणतात आणि हाराच्या सुट्या फुलांसाठी त्याची लागवडही करतात.

म्हणजे आपण ज्याला ‘गावठी’ म्हणतो तो एकेकाळचा परदेशी पाहुणाच. मिरची, बटाटा नाही का असेच आले? तीन-चार पिढ्या ज्याला आपल्या घरचं पाणी मिळालं, तो आपला.

शहागंजचा चमन

आमचं सासर शहागंजचं. औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगरातलं शहागंज म्हटलं की डोळ्यापुढे येतात ते घड्याळाचा मनोरा, कपड्यांच्या हातगाड्या, भाजी मंडई आणि रिक्षांचा गोंगाट. इथे गुलाब कुठला, असं कुणालाही वाटेल. पण तिथल्या छोट्या बागेला लोक आजही ‘चमन’च म्हणतात, आणि चमन म्हणजे फुलबाग. या भागाला पाण्याची जुनी पुण्याई आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं डोंगराकडून नहर काढून खापरी नळांनी शहरात पाणी खेळवलं. शहागंजच्या मशिदीपुढचा मोठा हौद अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. खाफीखान या इतिहासकारानं त्याची नोंद केली आहे. उन्हाळ्यात पाणी तुटलं की हा हौद लोकांची तहान भागवतो, असं त्यानं लिहिलंय. जिथे पाणी तिथे वाडे, वाड्यात चौक, चौकात हौद आणि हौदाच्या सांडपाण्यावर दोन-चार फुलझाडं, हा जुन्या शहरातल्या घरांचा नकाशाच होता. त्यात हिंदूंचं घर, मुसलमानांचं घर असा फरक नव्हता. इकडे देवपूजेला फुलं लागत, तिकडे दर्ग्यावर वाहायला आणि सेहऱ्याला.

आमच्या वाड्यातला गुलाब आजेसासूबाईंनी आणला. म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सासूबाई. पैठणहून लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरच्या परसातली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, शेणाचा गोळा लावून बरोबर आणली होती म्हणे. तेव्हा वय वर्षं तेरा. दागिन्यांचं काय काय झालं ते कुणाला आठवत नाही (मोडले असणार, चार मुलींची लग्नं झाली), पण फांदीची गोष्ट घरात प्रत्येक सुनेला सांगितली गेली.

१९४८च्या पावसाळ्यात, निजामी राजवटीच्या शेवटच्या धामधुमीत, घरातली मंडळी वाड्याला कुलूप घालून नगरकडे नातेवाइकांकडे गेली. हैदराबाद संस्थानातली कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत अशी सीमेपलीकडे गेली होती. १७ सप्टेंबरला संस्थान भारतात आलं आणि दिवाळीच्या आधी घर परतलं. चौकात गवत कमरेएवढं वाढलेलं, एका खोलीची कौलं उतरलेली. आणि गुलाब फुललेला, बुडाशी माती उकरून आळं केलेलं! भिंतीपलीकडच्या बींनी मधल्या खिडकीतून येऊन ते केलं होतं. आजेसासूबाई हे सांगताना बींचं नाव घेत आणि मग थोडा वेळ गप्प राहत. त्या दिवसांत दोन्ही बाजूंना काय काय झालं होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या गप्प राहण्याचा अर्थ कळेल.

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. तेव्हा सासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणतो, घरात नवीन होत्या. हौद कोरडा पडलेला आणि पिण्याचं पाणी मापानं. माई सांगतात, ‘भांडी राखेनं घासायचो, त्यामुळं विसळल्याचं पाणी झाडाला चालायचं. निम्मं गुलाबाला, निम्मं तुळशीला. दोन्ही जगल्या.’ त्या गुलाबालाही ‘ती’ म्हणतात, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

गुलाब म्हटला की घरात गुलकंद आलाच. माईंच्या हातचा गुलकंद तुम्ही खाल्ला असता तर दुकानातल्या त्या तांबड्या पाकाला हात लावला नसता. कृती सोपी आहे. सकाळी उन्हं चढायच्या आत फुलं तोडायची, कारण ऊन तापलं की वास उडतो. पाकळ्या निवडून, धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरड्या करायच्या. काचेच्या बरणीत पाकळ्यांचा एक थर, खडीसाखरेच्या भुग्याचा एक थर. साखर वजनानं पाकळ्यांच्या दीडपट ते दुप्पट. बरणीला दादरा बांधून महिनाभर दिवसा उन्हात, रात्री घरात, आणि रोज एकदा कोरड्या चमच्यानं हलवायचं. पाण्याचा थेंब गेला की संपलं. घरच्याच फुलांचा करावा. बाजारच्या फुलांवर औषधं फवारलेली असतात आणि ती पोटात घालायची नसतात, हे नव्यानं सांगायला नको. उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटला की माई चमचाभर गुलकंद आणि थंड दूध देत. त्यानं रक्त थांबायचं की पोर खाऊन खूश व्हायचं, ते मी डॉक्टरवर सोडते.

वाडा गेला

२००८ साली वाडा विकला. चार भावांच्या वाटण्या, पडत्या भिंती, पुढच्या पिढीतल्या कुणालाच तिथे राहायचं नाही, हे सगळं तुम्हाला ओळखीचं असेल. माईंनी हरकत घेतली नाही, फक्त एकच विचारलं, ‘तोडायला कधी सुरुवात?’ मला वाटलं त्यांना मुहूर्त बघायचा असेल. पण त्या दिवस मोजत होत्या. जुनं झाड मुळासकट उचलून नेणं शक्य नव्हतं. साठ-सत्तर वर्षांचं खोड हौदाच्या दगडात घुसलेलं. म्हणजे फांद्याच लावायच्या, आणि फांद्यांना मुळं सुटायला दीड-दोन महिने हवेत.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण सगळ्याचा गाभा त्यात आहे. गुलाबाचं बी लावून तोच गुलाब मिळत नाही. बीचं रोप म्हणजे लेकरू, आईसारखं निघेल, नाही तर नाही. फांदी लावून केलेलं रोप मात्र लेकरू नसतं, ती आईच असते, दुसऱ्या जागी उभी राहिलेली. पैठणच्या परसातल्या झाडाची फांदी शहागंजला जगली म्हणजे पैठणचंच झाड शहागंजला जगलं. म्हणून ‘जुनं झाड मेलं तर काय, नवं आणू’ हे गुलाबाबाबत बोलता येत नाही. नर्सरीतून दुसरा गुलाब येईल, हा नाही येणार. आणि शेवटची फांदी वाळली की परत मिळवायची कुठलीही वाट नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. गावठी भाज्या आणि धान्यांचं बियाणं त्यांनी घरात जपलं, इतरांना वाटलं आणि २०२० सालची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. वालाचं बी मडक्यात राखेत घालून ठेवलं तर पुढच्या पेरणीपर्यंत निवांत झोपतं. फुलझाडांचं तसं नाही. गुलाब, मोगरा, जाई ही सगळी फांदीवर चालणारी घराणी. ती मडक्यात ठेवता येत नाहीत, कुठेतरी, कुणाच्यातरी दारात रोज पाणी घालून जिवंतच ठेवावी लागतात. सरकारी बियाणे पेढ्यांनाही अशा झाडांसाठी शेतच राखावं लागतं.

तर माईंनी बारा फांद्या लावल्या. सात जगल्या. एक आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत आली, एक जालन्याला आत्याबाईंकडे गेली, एक पुण्याला नणंदेकडे. एक माईंच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, दोन देवळात. आणि एक भिंतीपलीकडे, बींच्या सुनेकडे. तिला सगळे खाला म्हणतात. ती खूप वर्षं मागत होती, ‘भाभी, एक टहनी देव ना.’

आता पुढचं ऐका. देवळातल्या दोन्ही फरशी बसवताना गेल्या. पुण्याचं रोप सावलीत पडलं, पानं भरपूर पण फूल नाही. मैत्रीण मुलाकडे परगावी गेली, घर बंद. मग २०१२-१३चा दुष्काळ आला. मराठवाड्यातल्या बायकांना त्या उन्हाळ्याबद्दल मी काय सांगणार? जालन्यात तर पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात दिवस जायचे. आत्याबाईंनी फोनवर सांगितलं, ‘पिण्याला नाही, झाडाला कुठून घालू?’ आमच्या गॅलरीला पश्चिमेचं ऊन, नळाला कित्येक दिवसांनी पाणी. मे महिन्यात माईंनी खोडाला नखानं खरवडून पाहिलं. हिरवं दिसायला हवं होतं, तपकिरी दिसलं. त्या काही बोलल्या नाहीत. कुंडी मात्र तशीच ठेवली, दोन महिने.

जुलैत पाऊस पडल्यावर आम्ही शहागंजला गेलो. खालाच्या घरात जुना आड आहे, तो त्या वर्षीही पूर्ण आटला नव्हता. अंगणात तेलाच्या पत्र्याच्या डब्यात गुलाब होता, छातीएवढा. या वेळी माई म्हणाल्या, ‘एक टहनी देव ना.’ खाला हसली आणि आत जाऊन कात्री घेऊन आली.

तेवढ्यानं काम झालं नाही, हेही सांगायला हवं. पहिल्या तीन फांद्या वाळल्या. शेवटी खालाच्या डब्याशेजारी दुसरी कुंडी ठेवून, एक लांब फांदी वाकवून तिच्या मातीत दाबली आणि आईच्या झाडाला जोडलेलीच ठेवली. अडीच महिन्यांनी तोडली. ती जगली. आज आमच्याकडे आहे ती हीच.

फांदी लावायची कशी?

मराठवाड्यात दोन वेळा चांगल्या. पाऊस लागल्यावर जून-जुलै, आणि ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर थंडीचे महिने. उन्हाळ्यात नादी लागू नये. फांदी पेन्सिलीएवढी जाड, नुकतंच फूल देऊन गेलेली; फार कोवळी नको, फार राठ नको. वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर. खालची पानं काढून टाका, वरची एक-दोन ठेवा. खालच्या टोकाला मुळं फुटण्याची पावडर मिळते ती लावा. माई कोरफडीचा गर लावतात. मी दोन्ही करून पाहिलं, पावडरीनं जास्त जगल्या. पण माईंपुढे हे बोलत नाही. माती आणि बारीक वाळू निम्मी-निम्मी, दोन-तृतीयांश फांदी मातीत, सावलीत ठेवायची आणि माती ओलसर, चिखल नाही. वाळवीचा त्रास असेल तर मूठभर निंबोळी पेंड मिसळा. नवी पालवी दिसली म्हणून उपटून मुळं बघायची नाहीत! फांदीत साठलेल्या रसावरही पालवी फुटते. दीड-दोन महिने धीर धरा.

ज्यांच्याकडे एकच झाड उरलंय त्यांनी फांदी तोडण्याआधी दाब कलम करावं. फांदीला खालच्या बाजूनं छोटी चीर द्यायची, ती जागा मातीत दाबून वर दगड ठेवायचा. फसलं तरी झाडाचं काही जात नाही.

अजून एक. पुष्कळ घरी ‘आणला होता लाल कलमी, आता गुलाबीच फुलं येतात, नर्सरीवाल्यानं फसवलं’ अशी तक्रार असते. फसवलेलं नसतं. कलमी गुलाब ज्या खुंटावर बांधतात तो खुंट आपल्याकडे बऱ्याचदा एडवर्डचाच असतो. वरचं कलम मेलं की खालून खुंट डोकं काढतो. सात पानांची फांदी रानटी, पाच पानांची चांगली, हा ठोकताळा फारसा खरा नाही. फांदी कलमाच्या गाठीच्या खालून आली की वरून, ते बघा. खालून आली असेल तर माळीदादा ती छाटायला सांगतील. छाटण्याआधी एकदा तिला फुलू द्या आणि वास घ्या. मग ठरवा.

जुन्या झाडांना आजारपणही असतं. छाटल्यावर फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते, त्याला मर म्हणतात. काळ्या भागाच्या खाली दोन बोटं निरोगी लाकूड घेऊन कापावं आणि कापाला बोर्डो पेस्ट लावावी. खोडावर तांबूस खवल्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती कीड आहे. जुन्या दातांच्या ब्रशनं घासून काढा.

गुलाबाचं नाव काय ठेवायचं?

अमेरिकेत टेक्सासमध्ये १९८०च्या दशकापासून काही हौशी मंडळी जुने गुलाब शोधत फिरतात. पडक्या घरांची अंगणं, जुनी दफनभूमी, रस्त्याकडेची कुंपणं. तिथे पन्नास-शंभर वर्षं कुणी न बघता जगलेले गुलाब त्यांना सापडतात. मूळ नाव हरवलेलं असतं. मग ज्या गावात किंवा ज्या बाईच्या अंगणात सापडला तिचं नाव त्याला देतात. मार्था गोन्झालेस नावाच्या एका साध्या बाईच्या अंगणातला बुटका लाल गुलाब आज तिच्या नावानं नर्सरीत विकला जातो. जर्मनीत हिल्डेसहाइमच्या चर्चच्या भिंतीवर एक फार जुना रानगुलाब आहे. १९४५ साली बॉम्बहल्ल्यात चर्च जळालं, गुलाबही जळाला. काही आठवड्यांनी ढिगाऱ्यातून त्याच मुळांना फुटवे आले. लोक आजही ते झाड बघायला जातात.

आपल्याकडे झाडाला बाईचं नाव द्यायची रीत नाही. निदान कुंडीवर एक पट्टी तरी लावावी, असं मला वाटतं. कुणी आणलं, कुठून, कधी, कुणाकुणाला दिलं. आमच्या घरात हे सगळं माईंच्या डोक्यात होतं. गेल्या वर्षी त्यांच्याकडून बसून वहीत लिहून घेतलं. त्यात आणखी दोन घरं निघाली, जिथे वाडा असतानाच फांद्या गेल्या होत्या. एका घरी झाड आहे! सिडकोत. त्या बाईंना ते झाड कुठून आलं हे माहीतच नव्हतं, त्यांच्या सासूबाईंनी लावलेलं एवढंच.

आता कुणी म्हणेल, एवढं काय? हा गुलाब काही दुर्मीळ नाही. खरंच नाही. माईंचा गुलाब बारमाही फुलतो, म्हणजे बहुधा एडवर्डच्या कुळातला. आणि एडवर्डची दक्षिणेत शेतं आहेत. दुर्मीळ झालाय तो आपल्या दारात. जी झाडं खरोखर विरळ होत चालली आहेत, कवठी चाफा, हिरवा चाफा, मदनबाण मोगरा, त्यांचीही गत घराघरांत हीच आहे. वाडा पडला, अंगणात फरशी आली, आजी गेल्या आणि झाड गेलं. आपल्याकडच्या २००१च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्यांना पारंपरिक वाण नोंदवायची सोय केली आहे, जुनी वाणं जपणाऱ्यांना पुरस्कारही आहेत. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं उत्तमच. पण अंगणातल्या एका झाडासाठी कुणी अर्ज भरणार नाही आणि भरायची गरजही नाही. त्याला हवीत तीन घरं. एकाच घरात तीन कुंड्या नव्हेत, तीन वेगळी घरं, वेगळ्या पाण्याची, वेगळ्या उन्हाची, आणि जमलं तर वेगळ्या गावांतली. एका ठिकाणी दुष्काळ पडला, एका ठिकाणी फरशी बसली, तरी तिसरीकडे राहतं.

आमच्याकडे यंदा संक्रांतीच्या वाणाला प्लॅस्टिकचे डबे आणले नाहीत. कार्तिकात अकरा फांद्या लावल्या होत्या, त्यांतल्या आठ जगल्या. हळदीकुंकवाला ज्यांनी ‘ऊन येतं आमच्याकडे’ असं सांगितलं त्यांनाच दिल्या, बाकीच्यांना तिळगूळ. दोघींनी वहीत आपली नावं स्वतःच्या हातानं लिहिली. खालाला द्यायची गरज नव्हती, पण माईंनी तिच्यासाठी यंदाच्या गुलकंदाची बरणी बाजूला काढली आहे. सात रोपं गेली. आठवं अजून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलंय; पाऊस पडला की ते जालन्याला आत्याबाईंकडे जायचंय.